विणकामाचे एक पुस्तक निवडताना

मराठी समीक्षेत ‘वीण’ हा शब्द वारंवार भेटतो. कथेची वीण घट्ट असते, कादंबरीची वीण मध्येच सैल पडते, नात्यांची वीण उसवते. हा शब्द ज्या हातकामातून आला त्या कामाची पुस्तके मात्र समीक्षेच्या वाट्याला फारशी आलेली नाहीत. पाककृतींच्या पुस्तकांचे नशीब थोडे बरे. कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले आणि वाटी-चमच्याचे माप देऊन मराठी घरांत रुजले; त्या पुस्तकाविषयी आपण आदराने बोलतो. विणकामाचे पुस्तक ग्रंथालयात असते, फाटेपर्यंत वापरले जाते आणि एक दिवस रद्दीत जाते. ते चांगले होते की वाईट, हे कोणी लिहून ठेवत नाही.

हा लेख त्या प्रश्नाविषयी आहे. निमित्त छोटे आहे. वांद्रे पूर्वेच्या एका लहान ग्रंथालयाने विणकामाचे ‘एक चांगले पुस्तक’ सुचवा, असे मला सांगितले. रक्कम दोन पुस्तकांपुरती मंजूर झाली होती. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. समीक्षा मी पुस्तके वाचत आणि विणकाम सुया हातात धरत शिकले, त्यामुळे हे काम मला आवडीचे वाटले. पण यादी करायला बसल्यावर लक्षात आले की ‘चांगले’ म्हणजे काय हे ठरवल्याशिवाय एकही नाव लिहिता येणार नाही.

कपाटातला गोंधळ

सुरुवात कपाटापासून केली. ‘विणकाम’ या एका शब्दाखाली आपण दोन वेगळी कामे घालतो. हातमागावर ताणा आणि बाणा असे दोन धागे एकमेकांना छेदतात, तेही विणकाम. दोन सुयांवर एकाच धाग्याचे फासे एकातून एक ओढले जातात, तेही विणकाम. हातमागाचे कापड कात्रीने कापले तर कडा सुटतात, तरी कापड टिकते. सुयांच्या विणीतला एक टाका तुटला तर खालच्या ओळींपर्यंत शिडी पडत जाते. दोन्हींची रचना वेगळी, म्हणून दोन्हींची पुस्तकेही वेगळी. ड्युई दशांश वर्गीकरणात हातमागाला ७४६.१४ आणि सुयांवरच्या विणकामाला ७४६.४३२ असे वेगळे क्रमांक आहेत, क्रोशाला ७४६.४३४ आहे. या ग्रंथालयात मात्र खादीच्या अर्थकारणावरचे एक पुस्तक आणि लहान मुलांच्या स्वेटरांची एक पुस्तिका शेजारी शेजारी उभी होती. शब्द एकच असल्याने नोंद करणाऱ्याचा दोष म्हणता येत नाही. पण स्वेटरची पुस्तिका शोधणारी वाचक खादीचे पुस्तक पाहून परत जाते, हे खरे.

मुंबईत लोकर कशाला?

समितीतल्या एका सदस्यांनी रास्त शंका काढली: ‘मुंबईत स्वेटर घालतं कोण?’ जानेवारीतल्या चार पहाटा सोडल्या तर कोणीच नाही. तरीही लोकर विकली जाते आणि सुया विकल्या जातात. कारण मुंबईतले विणकाम थंडीसाठी नसते, ते बाळासाठी असते. बाळंतविड्यात कुंची, टोपडे, मोजे हातचे असावेत ही अपेक्षा अजून पुष्कळ घरांत आहे. दुसरे कारण गेल्या तीस-चाळीस वर्षांतले. मुलगा किंवा मुलगी टोरंटोला, न्यू जर्सीला असते. नातवंड तिथल्या बर्फात जन्मते. आणि वांद्र्यातल्या आजीला प्रथमच खरोखरीच्या थंडीसाठी विणावे लागते.

हे लक्षात घेतले की पुस्तकाकडून काय हवे ते बदलते. मोठ्यांच्या फॅशनचे चाळीस स्वेटर उपयोगाचे नाहीत. लहान मापे हवीत, आणि ती वयात नव्हे तर सेंटिमीटरमध्ये हवीत. ‘सहा महिन्यांच्या बाळासाठी टोपडे’ एवढे पुरेसे नाही. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो आणि सहा महिन्यांत तो ४३ च्या आसपास जातो. बाळ समोर नसताना विणणाऱ्या आजीला आकडाच आधार देतो.

साहित्याचेही तसेच. आपण दुकानात ‘लोकर’ मागतो तेव्हा बहुतेक वेळा हाती येते ते ॲक्रिलिक. ते धुवायला सोपे आणि स्वस्त, पण गरम इस्त्री फिरली की मरते, लोळागोळा होते. परदेशी पुस्तके मेंढीची लोकर गृहीत धरतात: विणून झाल्यावर ओले करा, ताणून टाचण्यांनी बसवा, वाळू द्या, आकार धरेल. ॲक्रिलिक तसा आकार धरत नाही. सुती धाग्याला तर लवचीकपणाच कमी. मोठा कपडा स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो. पुस्तक धाग्यांचा स्वभाव सांगत नसेल तर मुंबईच्या वाचकाला ते अर्धेच उपयोगी.

पंधरा दिवसांचे पुस्तक

आता ग्रंथालयाचा मुद्दा. कादंबरी पंधरा दिवसांत वाचून परत येते. स्वेटर पंधरा दिवसांत होत नाही. घरचे सगळे सांभाळून विणणाऱ्या बाईला दोन-तीन महिने सहज लागतात. म्हणजे नमुन्यांचे पुस्तक हे उसने नेण्याच्या व्यवस्थेशी मुळातच जुळत नाही. वाचक ते पुन्हा पुन्हा नोंदवून ठेवते, किंवा पाने झेरॉक्स करते, किंवा (हे प्रत्येक ग्रंथपालाला ठाऊक आहे) हवे ते पान फाडून नेते. जुन्या पुस्तिकांतली नेमकी बाळाच्या स्वेटरची पाने गायब असतात, ती त्यामुळेच.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. तो इथे लावला तर निवडीची कसोटी आपोआप मिळते. पुस्तक परत केल्यावर वाचकाकडे काय उरते? नमुन्याचे पुस्तक परत गेले की नमुनाही जातो. रीत सांगणारे पुस्तक परत गेले तरी रीत हातात राहते. म्हणून लहान ग्रंथालयाने नमुने मोजू नयेत. पुस्तक ‘असे करा’ याबरोबर ‘असे का’ हे सांगते का आणि टाका सुटल्यावर काय करायचे ते दाखवते का, एवढे पाहावे.

ही कसोटी लावून मी आधी मराठी पुस्तिका वाचल्या.

मराठी विणीची भाषा

मी पाहिलेल्या मराठी पुस्तिकांची भाषा एकसारखी आहे. क्रियापदे विध्यर्थी: टाके घालावेत, सहा ओळी विणाव्यात, बाही घटवावी, टाके बंद करावेत. पाककृतींचीही हीच भाषा. पण पाककृतीत ‘खमंग परतावे’ म्हटले की नाकाला कळते. विणकामात ‘दोन्ही बाजूंनी घटवत जावे’ म्हटले की काहीच कळत नाही. किती ओळींनी घटवायचे? कडेच्या पहिल्याच टाक्यात की एक टाका सोडून? डावीकडे झुकणारा घट की उजवीकडे? लिहिणाऱ्या बाईंच्या हातांना ते माहीत आहे, म्हणून ते कागदावर उतरलेले नाही. या पुस्तिका शेजारणीसाठी लिहिलेल्या आहेत; अडले तर ती उठून विचारायला येईल हे गृहीत आहे. चाळीत आणि वसाहतीत ते खरेही होते. आज वांद्र्याच्या बाराव्या मजल्यावर ती शेजारीण उरलेली नाही. पुस्तिकेतले मौन तेव्हा चालून जात होते, आता वाचकाला अडवते.

असे असूनही मराठीकडे एक मोठी ठेव आहे, ती म्हणजे ‘सुलट’ आणि ‘उलट’ हे दोन शब्द. इंग्रजीतले ‘निट’ आणि ‘पर्ल’ एकमेकांचे कोणी लागत नाहीत. शिकणाऱ्याला वाटते की ही दोन वेगळी कामे आहेत. मराठी शब्दांतच सगळे शास्त्र आहे. उलट टाका म्हणजे सुलट टाकाच, मागून पाहिलेला. एवढे कळले की पुढचे पाठ करावे लागत नाही. सुलट बाजूला सुलट आणि उलट बाजूला उलट विणले तर एका अंगाला गुळगुळीत कापड का येते, आणि दोन्ही बाजूंना सुलटच विणले तर दोन्ही अंगांना आडव्या वळ्या का उठतात, हे विचार करून सांगता येते.

गंमत अशी की गोंधळही याच शब्दांत आहे. ‘सुलट’ हे टाक्याचेही नाव आणि कापडाच्या दर्शनी बाजूचेही. ‘उलट बाजूने सुलट विणावे’ हे वाक्य अगदी बरोबर असूनही नवख्या माणसाला ते छपाईची चूक वाटते. ‘टाका’ आणि ‘बाजू’ हे शब्द प्रत्येक वेळी जोडून लिहिले तर हा गोंधळ मिटतो. पुस्तिकांत जागा वाचवण्यासाठी नेमके तेच गाळले जाते आणि नुसते ‘सु’, ‘उ’ उरते. इंग्रजीत ही संक्षेपांची रीत जुनी आहे. एडिंबरोच्या जेन गॉगेन यांनी १८४० साली आपल्या पुस्तकात संक्षेप वापरले होते. संक्षेप वाईट नाहीत. पण आधी पूर्ण वाक्य समजलेले असावे लागते.

चार इंग्रजी पुस्तके

वांद्र्याच्या वाचकांना इंग्रजी परके नाही, म्हणून पुढे चार इंग्रजी पुस्तके तपासली.

बार्बरा वॉकर यांचे ‘अ ट्रेझरी ऑफ निटिंग पॅटर्न्स’ (१९६८) हा विणींचा कोश आहे. पाचशेहून अधिक विणी, प्रत्येकीचे छायाचित्र. ज्याला विणता येते त्याला हे पुस्तक आयुष्यभर पुरेल. पण व्याकरण न शिकता शब्दकोश हाती घेतल्यासारखे ते नवख्याला वाटेल. लहान ग्रंथालयाची पहिली खरेदी म्हणून नको.

जून हेमन्स हायट यांचे ‘द प्रिन्सिपल्स ऑफ निटिंग’ (१९८८, सुधारित आवृत्ती २०१२) याच्या दुसऱ्या टोकाला आहे. टाके घालण्याच्या किती रीती, प्रत्येकीचा गुण काय, दोष काय, सगळे त्यात आहे. विद्वत्ता निर्विवाद. मात्र ते मांडीवर ठेवून विणण्याचे पुस्तक नव्हे, संदर्भविभागात ठेवण्याचे आहे. दोन पुस्तकांच्या रकमेत बसणारे तर नाहीच.

मेरी थॉमस यांचे ‘निटिंग बुक’ १९३८ चे, लंडनचे. लेखिका पत्रकार होत्या, त्यामुळे वाक्ये आखूड आणि आकृत्या नेमक्या. सपाट विणकाम, गोल विणकाम, चौकटीवरचे विणकाम असे क्रमाने सांगताना फासा कसा बनतो इथून त्या सुरू करतात. कपड्यांची फॅशन जुनी झाली तरी फाशाची रचना जुनी होत नाही. म्हणून हे पुस्तक टिकले आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत डोव्हरने त्याचे स्वस्त पुनर्मुद्रण काढले, तेच आज बहुधा मिळते.

चौथे एलिझाबेथ झिमरमन यांचे ‘निटिंग विदाउट टिअर्स’ (१९७१). झिमरमन जन्माने इंग्लिश, पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये स्थायिक झालेल्या. त्यांचा स्वर ठाम, मिश्कील, क्वचित हट्टी. नमुना आंधळेपणाने पाळू नका, आधी मोजा, हे त्यांचे सांगणे. एका लहान चौकोनात किती टाके बसतात ते पाहायचे, छातीच्या घेराला त्याने गुणायचे. जो आकडा येईल तो शंभर टक्के. मग मनगट त्याच्या वीस टक्के, बाहीचा वरचा घेर सुमारे तेहतीस टक्के. अंगाचे टाके २०० असले तर मनगटाला ४० आणि वर ६६. एवढ्या हिशेबावर कोणत्याही लोकरीचा, कोणत्याही मापाचा स्वेटर उभा राहतो. पंधरा दिवसांत परत करूनही वाचकाकडे उरेल असे ज्ञान हेच.

या पुस्तकातही उणिवा आहेत. लेखिकेला गोल सुईवरचे विणकाम प्रिय, त्यामुळे मागचा-पुढचा भाग वेगळा विणून शिवणाऱ्या आपल्याकडच्या सवयीला ते धक्का देते. लोकर म्हणजे मेंढीचीच, हा आग्रहही आहे. पण पुस्तकाशी भांडता भांडता वाचक शिकते, कारण प्रत्येक आग्रहाचे कारण दिलेले असते. नुसत्या ‘घटवावे’ शी भांडता येत नाही.

आठ नंबरची सुई

एक तांत्रिक बाब इथे सांगायलाच हवी, कारण तिच्यापायी पुष्कळ कष्ट वाया जातात. सरकारी वसाहतीतल्या एका काकूंनी नातवासाठी विणलेले टोपडे मला दाखवायला आणले होते.

‘पुस्तकात आठ नंबर लिहिलंय, मी आठचीच सुई आणली. लोकर तशीच, टाके मोजून बहात्तर. तरी एवढंसं कसं झालं गं?’

‘काकू, पुस्तक कुठलं?’

‘मुलीनं पाठवलंय. अमेरिकेचं.’

उत्तर तिथेच होते. आपल्याकडे सुयांवर जुने ब्रिटिश क्रमांक चालतात. त्या पद्धतीत आकडा वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन पद्धतीत आकडा वाढला की जाड. ब्रिटिश आठ म्हणजे ४ मिलिमीटर, अमेरिकन आठ म्हणजे ५. दहा क्रमांकावर तर फरक जवळजवळ दुपटीचा: ब्रिटिश ३.२५, अमेरिकन ६. सातवर दोन्ही पद्धती योगायोगाने ४.५ मिलिमीटरवर भेटतात, त्यामुळे ज्यांनी सातच्या सुईने सुरुवात केली त्यांना घोटाळा कळतही नाही. काकूंचा हिशेब मांडला तर असा: जाड सुईवर १० सेंटिमीटरला १८ टाके धरले तर ७२ टाक्यांचे टोपडे ४० सेंटिमीटरचे होते, बारीक सुईवर तेच २२ पडले तर सुमारे ३३. काकूंचा हात चुकलेला नव्हता. पुस्तक आणि दुकान वेगवेगळ्या भाषा बोलत होते. क्रोशातही असेच आहे: ब्रिटिशांचा ‘डबल क्रोशे’ तो अमेरिकनांचा ‘सिंगल’.

या कसोटीवर थॉमस आणि झिमरमन दोघीही उतरतात, पण वेगवेगळ्या कारणांनी. थॉमस यांचे क्रमांक ब्रिटिश, म्हणजे आपल्या दुकानातलेच. झिमरमन यांचे क्रमांक अमेरिकन, पण त्या क्रमांकाला महत्त्वच देत नाहीत. चौकोन विणून टाके मोजा, जी सुई योग्य मोजणी देईल तीच तुमची सुई, असे त्या म्हणतात. काकूंनी आधी चौकोन विणला असता तर टोपडे उसवावे लागले नसते.

‘आता सगळे मोबाइलवर मिळते’

शेवटचा आक्षेप हा. चलच्चित्रात हात दिसतात, धागा कसा फिरतो ते दिसते, हे पुस्तकाला जमणार नाही. ते मान्य करायला हवे. टाके घालायला शिकण्यासाठी मीही मुलींना मोबाइलच दाखवते. पण चलच्चित्र बरोबर विणणाऱ्या हातांचे असते. तुमच्या सुईवर चुकलेले काय आहे, ते त्याला दिसत नाही. चुकीला नाव असावे लागते, तेव्हा ती शोधता येते. आणि नावे, त्यांचा परस्परसंबंध, त्यांची कारणे ओळीने मांडणे हे पुस्तकाचे काम आहे. शिवाय मोबाइलवरचे शिक्षण प्रत्येकीचे एकटीचे. ग्रंथालयातल्या पुस्तकाच्या समासात कोणीतरी पेन्सिलीने ‘इथे दोन टाके जास्त घ्या’ असे लिहून ठेवते. नियमाविरुद्ध असले तरी हरवलेल्या शेजारणीचा तेवढाच अंश आता उरला आहे.

समितीला मी दोन नावे दिली: पहिले झिमरमन, दुसरे थॉमस. पहिले विचार करायला शिकवते, दुसरे हात कुठे ठेवायचा ते दाखवते. सोबत तिसरी गोष्ट सुचवली, जिला पैसे लागत नाहीत. ग्रंथालयाने चार पानांचा मराठी तक्ता करून दोन्ही पुस्तकांच्या आतल्या बाजूला चिकटवावा. त्यात सुयांचे क्रमांक मिलिमीटरमध्ये, दोन्ही पद्धतींचे, असावेत. इंग्रजी संक्षेपांपुढे पूर्ण मराठी वाक्ये असावीत, ‘सुलट टाका’ आणि ‘सुलट बाजू’ वेगळे करून. बाळाची मापे सेंटिमीटरमध्ये असावीत, आणि ॲक्रिलिक, सूत, लोकर यांच्या स्वभावावर अर्धे पान असावे. मसुदा मी करून दिला आहे. वसाहतीतल्या तीन काकू तो विणून तपासत आहेत. कुठे अडले ते त्या समासात लिहिणार आहेत.

असा तक्ता करताना दिसले की मराठीत या विषयाचे चांगले पुस्तक लिहिण्यासाठी शब्द उसने आणावे लागत नाहीत. सुलट, उलट, घट, वाढ, टाका, ओळ, वीण: सगळे तयार आहेत आणि घराघरांत बोलले जातात. ‘रुचिरा’ने ‘अंदाजाने’ या शब्दाच्या जागी वाटी ठेवली. विणकामात तीच जागा ‘दहा सेंटिमीटरला किती टाके’ या प्रश्नाची आहे. तो प्रश्न पहिल्या पानावर विचारणारे मराठी पुस्तक हाती आले तर झिमरमनबाईंना एक खण सरकून बसावे लागेल. त्यांची त्याला हरकत असेल असे त्यांचे पुस्तक वाचून तरी वाटत नाही.